विश्लेषण : ‘सनशाइन पॉप’मधले हसरे कुटुंब आतून का तुटले?

अमेरिकेत १९७० मध्ये ‘द पार्ट्रिज फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. आई आणि मुले मिळून बँड काढतात, रंगीत बसमधून गावोगाव गात फिरतात, अशी तिची गोष्ट. ती सुचली ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्टच्या काउसिल कुटुंबावरून. मुलांना मालिकेत घेण्याची बोलणीही झाली होती. पण आईच्या भूमिकेत निर्मात्यांना अभिनेत्री शर्ली जोन्स हवी होती. बोलणी तिथेच फिसकटली.

सनशाइन पॉप म्हणजे काय?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः कॅलिफोर्नियात बहरलेला हा प्रकार. गोड चाल, एकात एक मिसळलेले अनेक आवाज, ऊन-पाऊस-फुलांचे शब्द. बाहेर व्हिएतनाम युद्धावरून देश पेटला असताना रेडिओवर ही गाणी वाजत होती.

काउसिल्स इतके गाजले कसे?

बिल, बॉब, बॅरी आणि जॉन हे चौघे भाऊ आधी बीटल्सची गाणी वाजवत. १९६७ मध्ये आई बार्बराही गायला उभी राहिली आणि ‘द रेन, द पार्क अँड अदर थिंग्ज’ थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. (त्याच्या दोन गीतकारांपैकी आर्टी कॉर्नफेल्ड पुढे वुडस्टॉक महोत्सवाचा एक आयोजक झाला.) पाठोपाठ पॉल आणि धाकटी सुझन आली. १९६८ मध्ये ‘इंडियन लेक’ पहिल्या दहांत गेले, तेव्हा सुझन जेमतेम नऊ वर्षांची होती. दूध उत्पादकांच्या संघटनेने जाहिरातीसाठी हेच कुटुंब निवडले. दुधाच्या जाहिरातीला याहून शोभणारे चेहरे कुठे मिळणार?

मग बिघडले काय?

वडील बड काउसिल नौदलातून निवृत्त झालेले, आणि बँडचे व्यवस्थापकही तेच. घरात मारहाण, दहशत. मिळालेला पैसाही पुढे उरला नाही. बॉबचा जुळा भाऊ रिचर्ड याला त्यांनी बँडमध्ये घेतलेच नाही. तो सैन्यात भरती होऊन व्हिएतनामला गेला. १९६९ मध्ये ‘हेअर’ पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्या ध्वनिमुद्रणामागे बिल आणि बॉब होते. त्याच वर्षी बडने बिलला काढून टाकले. बँडचा मुख्य आवाजच गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बँड विसर्जित झाला. हे सारे २०११ च्या ‘फॅमिली बँड’ या माहितीपटात भावंडांनी स्वतःच सांगितले. तोवर आई-वडील दोघेही हयात नव्हते.

पुढे काय झाले?

२००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये बॅरी बेपत्ता झाला. मृतदेह सापडला डिसेंबरअखेर. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच्या स्मरणासाठी न्यूपोर्टला भावंडे जमली असतानाच कॅनडातून बिलच्या निधनाची बातमी आली. जॉनने बरीच वर्षे बीच बॉइजच्या दौऱ्यांत ड्रम वाजवले. बॉब, पॉल आणि सुझन यांनी २०२२ मध्ये ‘रिदम ऑफ द वर्ल्ड’ हा नवा अल्बम काढला. या वेळी व्यवस्थापक म्हणून डोक्यावर वडील नव्हते.