पाळणाघरातील मृत्यू : शोक, दोष आणि काही रूढ गैरसमज

सकाळी डबा आणि दुपटे देऊन पाळणाघरात पोचविलेले मूल ज्या घरी संध्याकाळी परत येत नाही, त्या घरावर दोन आघात होतात : एक मृत्यूचा, आणि दुसरा त्या मृत्यूविषयी आप्त, शेजारी आणि वर्तमानपत्रे जे बोलतात त्याचा. पहिल्यापुढे मनुष्य हतबल आहे. परंतु दुसरा बव्हंशी अज्ञानातून आणि घाईने केलेल्या निवाड्यातून उत्पन्न होत असल्यामुळे तो टाळणे आपल्या हाती आहे, आणि म्हणूनच या विषयाभोवती रूढ झालेल्या समजुती तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

त्यांतील सर्वांत दृढ समजूत अशी की, अशा मृत्यूला कोणीतरी एकच व्यक्ती कारणीभूत असते, आणि ती बहुधा त्या क्षणी मुलाच्या सर्वांत जवळ असलेली ताई किंवा मावशीच असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे मेक्सिको देशातील सोनोरा प्रांताच्या राजधानीत, एर्मोसियो येथे, 5 जून 2009 रोजी जे घडले त्यावरून कळून येते. त्या दुपारी, मुले निजलेली असताना, एबीसी नावाच्या पाळणाघराला आगीने वेढले आणि 49 बालके प्राणास मुकली. आगीचा उगम पाळणाघरात नव्हताच. त्याच छपराखाली लगत असलेल्या गोदामात, जेथे प्रांतिक सरकारची कागदपत्रे साठविलेली होती, तेथे ती लागली. छताखालच्या फोमच्या ज्वालाग्राही आच्छादनाने पेट घेतला, विषारी धूर खाली उतरला, संकटकाळच्या दाराचा उपयोग होऊ शकला नाही, आणि अखेर एका नागरिकाने आपली गाडी भिंतीवर आदळून जी भगदाडे पाडली त्यांतून मुलांना बाहेर काढावे लागले. हे पाळणाघर देशाच्या सामाजिक विमा संस्थेने खाजगी मंडळींकडे चालवावयास सोपविलेले होते, आणि दुर्घटनेपूर्वी थोडेच दिवस झालेल्या तपासणीत ते पसंत ठरले होते.

आता येथे दोष कोणाचा म्हणावा? धुरात चाचपडत मुले उचलणाऱ्या बायकांचा, गोदामाच्या जागी पाळणाघर थाटणाऱ्या मालकांचा, त्यास परवाना देणाऱ्या खात्याचा, तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्याचा, की शेजारी कागदांचे ढीग रचून ठेवणाऱ्या सरकारचा? अशा घटनेत कारणांची एक साखळी असते, आणि तिच्यातील जी कडी डोळ्यांना दिसते ती बहुधा शेवटची आणि पुष्कळदा सर्वांत दुबळी असते. दूरच्या कड्या दप्तरांत असतात. तेथवर जाण्यास चिकाटी लागते, आणि ती चिकाटी त्या बालकांच्या आईबापांनी दाखविली. 2010 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या मूलभूत हक्कांचे गंभीर उल्लंघन झाल्याचे मान्य करूनही वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ठपका ठेवण्यास बहुमताने नकार दिला. तरीही पालक मागे हटले नाहीत, आणि 24 ऑक्टोबर 2011 रोजी बालसंगोपनाच्या सेवांचे नियमन करणारा देशव्यापी कायदा प्रसिद्ध झाला, तो आजही तेथे ‘5 जूनचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. खटल्याच्या मागे लागलेले आईबाप शोक सोडून सूडाला पेटले आहेत, असे जे आपल्याकडेही सहज म्हटले जाते, त्याला याहून समर्पक उत्तर मला सुचत नाही.

याच्या नेमकी उलट, पण तितकीच चुकीची समजूत अशी की, ‘अपघात’ म्हटला की कोणाचाच कसूर नाही, सारे दैवाधीन. आपला कायदा तसे मानीत नाही. भारतीय न्याय संहितेचे 18 वे कलम अपघाताला अपराधातून वगळते खरे, परंतु मूळ कृत्य कायदेशीर असून ते योग्य काळजीने आणि सावधगिरीने केलेले असेल तरच. अविचाराने वा हयगयीने मृत्यू घडविण्याचा अपराध याच संहितेच्या 106 व्या कलमात असून, 1 जुलै 2024 पासून त्याची कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. पूर्वीच्या दंड संहितेत ती दोन वर्षांची होती. मात्र हयगयीचेही प्रकार असतात. डॉक्टरांच्या संदर्भात 2005 सालच्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फौजदारी दोषासाठी हयगय ठळक आणि गंभीर असावी लागते. नुकसानभरपाईच्या दाव्याला तेवढी लागत नाही. फौजदारीतून कोणी निर्दोष सुटला एवढ्यावरून त्याची काहीच जबाबदारी नव्हती असे ठरत नाही, आणि कोणावर गुन्हा नोंदला गेला एवढ्यावरून तो अपराधी ठरत नाही. हयगय कोणत्या मापाने मोजावी, यासाठी केंद्र सरकारने 2018 साली पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली त्यांचा आधार घेता येतो : तीन वर्षांखालील दहा मुलांमागे, आणि त्यावरील वीस मुलांमागे, एक प्रशिक्षित सेविका, शिवाय मदतनीस. एका खोलीत पंचवीस मुले आणि एकटी मावशी असा जेथे कारभार चालतो, तेथे त्या मावशीच्या क्षणभर वळलेल्या पाठीपेक्षा तो कारभार मांडणाराची जबाबदारी मोठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

“शेजारच्याच खोलीत होत्या, मग मूल ओरडलेले ऐकू कसे आले नाही?” हा प्रश्न जबाब घेणारा पोलीसही विचारतो आणि जावेच्या माहेरची माणसेही विचारतात. वस्तुस्थिती अशी की, लहान मुलाचे असे मरण पुष्कळदा नि:शब्द असते. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष किंवा खेळण्याचा तुकडा श्वासमार्गात पक्का अडकला, तर आवाज निघण्यासाठी लागणारी हवाच वाहत नाही. आणि बुडणारे मूल हाका मारीत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर असते तेवढ्या क्षणात त्याला श्वासच पुरा घेता येत नाही. याला विहीर वा तळे लागत नाही. न्हाणीघरातील बादलीच्या तळाचे वीतभरही नसलेले पाणी रांगत्या मुलाला पुरते, आणि प्राणवायू तुटल्यावर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटेच लागतात. ‘आवाज आला नाही’ असे सांगणारी बाई खोटेच बोलते आहे असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही. परंतु याच कारणास्तव तान्ह्या मुलांवर कानाने नव्हे, डोळ्याने लक्ष ठेवावयाचे असते, हेही तितकेच खरे.

शवविच्छेदनाविषयीचा गैरसमज मला विशेष दु:खद वाटतो. ‘लेकराचे आणखी हाल नकोत’ म्हणून वडीलधारी मंडळी पंचनाम्याच्या वेळीच ते टाळण्यासाठी रदबदली करतात, आणि त्यांचा हेतू शुद्ध असतो यात शंका नाही. पण घास अडकला होता, की हृदयात जन्मजात दोष होता, की झोपेत अचानक श्वास थांबला, हे बाहेरून पाहून पुष्कळदा कळत नाही. आणि जे त्या दिवशी कळले नाही ते पुढे कधीच कळत नाही. मग संशय उरतो, आणि तो आयुष्यभर कधी ताईवर, कधी सासूवर, कधी स्वत:वर फिरत राहतो.

आता आईविषयी. “नोकरी सोडून घरी बसली असती तर मूल आज असते,” हे वाक्य उच्चारणाऱ्यांना वस्तुत: स्वत:चे भय शमवावयाचे असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर याने 1966 साली केलेल्या प्रयोगात असे दिसले की, निरपराध व्यक्तीचे क्लेश पाहावे लागतात पण थांबविता येत नाहीत, तेव्हा पाहणारे हळूहळू त्या व्यक्तीलाच कमी लेखू लागतात. जग न्याय्य आहे, आणि आपण नीट वागतो म्हणून आपले मूल सुरक्षित आहे, ही श्रद्धा त्यांना टिकवावयाची असते. बादली, गॅस, जिना आणि गच्ची या वस्तू आईच्या घरातही असतात, याचा त्या क्षणी विसर पडतो. आणि बापाला हाच प्रश्न कोणी विचारीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. आई स्वत:ला जे बोल लावते, “सकाळी तो जाऊ नको म्हणून रडत होता, मला तेव्हाच कळायला हवे होते,” त्याचेही स्पष्टीकरण आहे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ याने 1975 साली दाखविले की, परिणाम कळल्यानंतर मनुष्याला तो आधीच कळण्याजोगा होता असे वाटू लागते. मूल त्याआधीच्या कित्येक सकाळीही रडले होते. त्या सकाळींचा अर्थ कोणी लावीत नाही. अपराधाची भावना कितीही तीव्र असली तरी ती अपराधाचा पुरावा नव्हे.

शोकाविषयीच्या समजुती थोडक्यात सांगतो. शोकाच्या पाच पायऱ्या असतात हे मत एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस हिच्या 1969 च्या ग्रंथातून पसरले. पण ते मूळचे मरणोन्मुख रुग्णांविषयीचे होते, मागे राहिलेल्यांविषयीचे नव्हे, आणि शोक त्या क्रमाने चालत नाही. मूल गेले की संसार मोडतोच, ही समजूतही निराधार आहे : इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री येथे 1969 साली सुरू झालेल्या अशा पालकांच्या संघटनेच्या अमेरिकेतील शाखेने 1999 साली केलेल्या पाहणीत घटस्फोटाचे प्रमाण सुमारे 12 टक्के आढळले. आपल्या धर्मशास्त्रात तान्ह्या मुलाचे अशौच एका रात्रीवर वा तीन रात्रींवर संपते. त्यावरून शोकही तेवढाच असावा असे लोक धरून चालतात, आणि महिन्याभरात ‘दुसरे होऊ द्या’ असा सल्ला देतात. अशौचाची मुदत ही विधीची मुदत होय, आणि एका मुलाची जागा दुसरे मूल घेत नाही. शोक हा रोग नव्हे; मात्र वर्ष उलटून गेल्यावरही त्याची धार तसूभर कमी होत नसेल आणि उठणेबसणे, काम, जेवण अशक्य होत असेल, तर त्यावर उपचार आहेत, आणि टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

अशा घरी जाण्याचा प्रसंग आपणांवर आलाच, तर ‘तुम्ही तेव्हा कुठे होता’ हे विचारू नका. मुलाचे नाव घेण्यास संकोचू नका, कारण ते ऐकण्यासाठी आईबापांचे कान आसुसलेले असतात. पोलीसठाण्यात वा न्यायालयात त्यांना खेटे घालावे लागत असतील तर एखाद्या तारखेला त्यांच्यासोबत जा. आणि जिच्या देखरेखीखाली हे घडले त्या ताईचा निवाडा तपास पुरा होईपर्यंत आपल्या ओसरीवर करू नका.