मधली २४० कोटी वर्षं

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर इस्लापूर लागतं. तिथून सहस्रकुंड जवळच. पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते. पावसाळ्यात समोर उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. हा कातळ बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. याच नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे गेलात की उघडा ग्रॅनाइट दिसतो. त्याचं वय सुमारे २५० कोटी वर्षं! बेसॉल्टचा पसारा जिथे संपत येतो, तिथे हा काळा दगड थेट त्या ग्रॅनाइटवर टेकलेला आहे. मग मधली २४० कोटींहून जास्त वर्षं गेली कुठे?

भूशास्त्रात या खंडाला ‘हायेटस’ म्हणतात. लॅटिन ‘हिआरे’ म्हणजे आ वासणे. त्यावरून हा शब्द इंग्रजीत आला. जांभईला इंग्रजीत ‘यॉन’ म्हणतात, तोही त्याच प्राचीन धातूतून निघालेला. मालिका काही महिने थांबली तरी आता हाच शब्द वापरतात. भाषाशास्त्रात दोन स्वर लागोपाठ आले की तोही हायेटस. ‘सुई’ म्हणून पाहा. ‘सूची’तला ‘च’ प्राकृतात गळाला आणि दोन स्वरांमध्ये फट राहिली.

दगडातली फट मात्र मती गुंग करते. ग्रॅनाइटचा तुकडा हातात घ्या. त्यातले गुलाबी, पांढरे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाढायला शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड व्हावा लागतो. लाव्हा तर उघड्या जमिनीवर पसरला. म्हणजे तो येण्याआधी ग्रॅनाइटवरचा काही किलोमीटर जाडीचा दगड ऊन-पावसाने झिजून वाहून गेला होता! काळ थांबला नव्हता, त्याची नोंद पुसली गेली. १७८८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशीच फट पाहून भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने पृथ्वीच्या अफाट वयाचा अंदाज बांधला. ती फट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची होती. आपली तिच्या पस्तीसपटींहून मोठी!

या नोंदवहीतली गळालेली काही पानं पैनगंगेच्याच वाटेवर सापडतात. इस्लापूरहून पुढे ती यवतमाळच्या वणी भागाकडे जाते. तिथला चुनखडक जीवसृष्टीत हाडं-कवचं येण्याआधीचा आहे आणि भूशास्त्रज्ञांनी त्याला या नदीचंच नाव दिलंय. वणीचा कोळसाही याच मधल्या काळातला, डायनोसॉरांच्याही आधीच्या जंगलांचा.