फुटबॉल : कसब आणि काळजी

फुटबॉलइतका कमी खर्चाचा खेळ शोधून सापडायचा नाही. एक चेंडू, दोन्ही टोकांना दोन-दोन खुणा आणि थोडी मोकळी जागा, एवढ्यावर पंधरा-वीस मुले तासभर रमतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीच्या बरोबरीने हा खेळ जोपासला. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ उतरले की सारे शहर तिकडे लोटते. शेजारी गोव्यात तर तो घरोघरचा खेळ आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, काही सामने नवी मुंबईत झाले आणि त्या निमित्ताने आपल्या राज्यातील शाळांना चेंडूही वाटण्यात आले.

पण वाटलेला चेंडू मैदानावर दिसतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी तो कपाटात हवा जाऊन पडलेला असतो. पालक म्हणतात, "पोराचा पाय मोडला तर?" गुरुजी म्हणतात, "काही झाले तर जाब कोण देणार?" दोघांचीही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु त्यावर चेंडू कपाटात ठेवणे हा उपाय नव्हे. मुले खेळायची थांबत नाहीत, ती रस्त्यावर नाहीतर खडकाळ माळावर, कोणाचीही नजर नसताना खेळतात. म्हणून आज मी दोन गोष्टी एकत्र सांगणार आहे : खेळातले कसब कसे वाढवावे आणि इजा कशी टाळावी. एकत्र अशासाठी, की मुळात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

कसे ते पाहा. नवशिक्या मुलांचा खेळ म्हणजे काय? चेंडू जिकडे, तिकडे सगळा घोळका. चेंडू पायापासून चार हात सुटतो, दोन्हीकडून दोघे धावतात आणि नडगीवर नडगी आपटते. ज्या मुलाचा चेंडू पायाशी राहतो आणि ज्याची मान वर असते, त्याला समोरचा गडी आधी दिसतो. तो बाजूला वळतो, किंवा चेंडू सोबत्याकडे देऊन मोकळा होतो. म्हणजे ज्याला खेळ येतो, त्याला लागतेही कमी.

तेव्हा पहिला धडा चेंडू थांबवण्याचा. येणारा चेंडू पावलाच्या आतल्या बाजूवर घ्यावा आणि चेंडू लागताच पाय किंचित मागे घ्यावा. उंचावरून येणारे अंडे आपण हात ढिला सोडून झेलतो ना, तसेच. पाय ताठ ठेवला तर चेंडू उसळून जातो. दुसरा धडा चेंडू देण्याचा. ज्या पायाने मारायचे नाही, तो चेंडूच्या शेजारी टेकवावा, त्याचा अंगठा जिकडे चेंडू पाठवायचा त्या दिशेला असावा, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट धरावा आणि पावलाच्या आतल्या बाजूने ढकलावे. अंगठ्याच्या टोकाने मारलेला चेंडू भलतीकडे जातो आणि नखही दुखावते. तिसरा धडा चेंडू नेण्याचा. लहान-लहान स्पर्श, दर दोन-तीन पावलांनी नजर वर, आणि दोन्ही पायांचा सराव.

याला साधने फार लागत नाहीत. शाळेची एखादी बिनखिडकीची भिंत असली तरी पुरे. मुलाने पाच पावलांवरून भिंतीवर चेंडू मारावा आणि परत आलेला थांबवावा, आधी उजव्या पायाने, मग डाव्या पायाने. रोज दहा मिनिटे हे केले, तर महिन्याभरात फरक दिसतो.

आणि एक. लहान मुलांना अकरा-अकरांचे सामने लावू नयेत. मोठ्या मैदानात बावीस जणांत एकच चेंडू असला, तर अंगाने थोराड अशी चार मुले खेळतात आणि बाकीची नुसती धावतात. त्याऐवजी चौघा-चौघांचे गट करावेत, मैदानाचे तुकडे पाडावेत आणि दर दहा मिनिटांनी गट बदलावेत. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो, घोळका होत नाही. गट करताना वर्गापेक्षा अंगलट पाहावी. सातवीतला काटकुळा मुलगा आणि सातवीतलाच मिसरूड फुटलेला मुलगा समोरासमोर आले, तर इजा ठरलेली. मुलींनाही सुरुवातीपासून चेंडू द्यावा. पुष्कळदा त्या मैदानाच्या कडेला बसून पाहत राहतात आणि एकदम मोठ्या वयात खेळायला उतरतात, तेव्हा शरीराला सवय नसते.

चेंडूही वयाप्रमाणे असावा. मोठ्यांचा पाच नंबरी चेंडू घेराने ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजनाने ४१० ते ४५० ग्रॅम असतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरी आणि त्याहून लहानांना तीन नंबरी द्यावा. भिजून जड झालेला चेंडू लहान मुलांच्या हाती देऊ नये.

आता अंग मोकळे करण्याविषयी. जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, वैद्यकीय तज्ज्ञांनी खेळापूर्वी करावयाच्या वीस मिनिटांच्या व्यायामांचा एक क्रम तयार केला आहे. लहान मुलांसाठी त्याचा वेगळा प्रकार आहे. सात ते तेरा वर्षांच्या मुलांवर युरोपातील चार देशांत त्याची पाहणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, हे व्यायाम करणाऱ्या मुलांच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. त्यात अवघड असे काही नाही. हळू धावणे, खूण करताच थांबणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे किंचित वाकवून उतरणे, हातांवर शरीर तोलणे आणि पडताना खांद्यावरून लोळण घेणे. आपल्या तालमीत वस्ताद पडायला शिकवतात, तेच हे. उडीवरून उतरताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकू देऊ नयेत, एवढे मात्र नीट पाहावे. वयात आलेल्या मुलींना गुडघ्याच्या आतील दोरीची इजा मुलांपेक्षा अधिक होते, म्हणून त्यांच्याकडून हा सराव आवर्जून करून घ्यावा.

बूट हवेत की अनवाणी चालेल, असे शिक्षक नेहमी विचारतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी केवळ १-२ असे हरले. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. त्यानंतर आपल्या संघटनेने बूट सक्तीचे केले. १९५६ साली मेलबर्नला बूट घालून खेळणारा आपला संघ चौथा आला. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. आपल्या खेड्यातल्या मुलाला बूट मिळेलच असे नाही. मऊ, स्वच्छ जमिनीवर मुले अनवाणी खेळली तरी चालेल. परंतु एक नियम कटाक्षाने पाळावा : सगळे अनवाणी, नाहीतर सगळे बुटात. खिळ्यांचा बूट आणि उघडे पाऊल एका मैदानावर येता कामा नये. नियमाप्रमाणे सामन्यात नडगीवर बांधायची ढाल, म्हणजे शिनगार्ड, सक्तीचीच आहे. शाळेने दहा-बारा जोड घेऊन ठेवले तर ते वर्षानुवर्षे पुरतात. प्रतिस्पर्ध्याच्या पायांत घसरत जाऊन चेंडू काढणे लहान वयात शिकवूच नये.

खेळापूर्वी पाच मिनिटे मुलांची रांग करून मैदान पालथे घालावे. काचा, काटे, खिळे, दगड उचलावेत, खड्डे बुजवावेत. गोलाच्या खुणेसाठी दगड मांडू नयेत, वाळूने भरलेली पिशवी ठेवावी. लोखंडी गोलपोस्ट असेल तर ती जमिनीत पक्की रोवावी किंवा मागे वाळूची पोती टाकून जखडावी. सुटी गोलपोस्ट अंगावर कोसळून अनेक देशांत मुले दगावली आहेत. तिला लोंबकळू देऊ नये. मातीत खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, हे आरोग्य केंद्रात विचारावे.

ऊन आणि वीज हे आपल्या मुलखातले दोन मोठे धोके. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर खेळावे, दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबून सर्वांना पाणी पाजावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की चांगले पेय होते. चमचा चहाचा घ्यावा. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यापासून तीस आकडे मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर खेळ थांबवून सर्वांना पक्क्या इमारतीत न्यावे. झाडाखाली उभे करू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, डोक्याचे. दोन मुलांची डोकी आपटतात, एक क्षणभर सुन्न होतो, कोणी पाणी मारतो, कोणी म्हणतो, "काही होत नाही, ऊठ गड्या," आणि तो पुन्हा खेळू लागतो. हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हे करू नका. डोक्याला मार बसल्यावर मूल गोंधळले, आठवेना, चक्कर आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधुक झाले, यांतले एकही लक्षण असेल, तर त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. बेशुद्धी आलीच पाहिजे असे नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, न आवरणारी झोप, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा मानेत दुखणे दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नये, जाणकार मदत येऊ द्यावी. त्या रात्री मूल एकटे नसावे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याने मैदानावर येऊ नये. चेंडू डोक्याने मारणे लहान वयात नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल संस्थेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याची मनाई केली. इंग्लंडमध्येही २०२० पासून प्राथमिक वयातील मुलांना त्याचा सराव देत नाहीत.

पाय मुरगळला तर आपल्याकडे लगेच तेल लावून चोळतात, कोणी पाय ओढून 'बसवतो'. त्याने सूज वाढते आणि हाड मोडले असेल तर नुकसान होते. खेळ थांबवावा, फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकावे, पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पाय टेकवतच नसेल किंवा वाकडा दिसत असेल, तर आहे तसाच आधार देऊन दवाखान्यात न्यावे. वाढत्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचे हाड रोज दुखत असेल, तर तो आळस समजू नये, काही दिवस विश्रांती द्यावी.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे, ती पैशाने विकत मिळत नाही. मूल आपली इजा लपवते ते भीतीपोटी : संघातून काढतील, मित्र भित्रा म्हणतील. ज्या दिवशी मैदानात एखादे मूल हात वर करून "गुरुजी, मला गरगरते आहे" असे म्हणेल आणि तुम्ही त्याला शाबासकी देऊन बाहेर बसवाल, त्या दिवशी बाकीचीही खरे सांगायला शिकतील. तेव्हा कपाटातला चेंडू काढा, त्यात हवा भरा, शिटी गळ्यात घाला आणि मैदानाच्या कडेला स्वतः उभे राहा.