पायथनचं दप्तर

पायथन ही संगणकभाषा आज आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मुलांच्या हाती पडते. ती कोणी लिहिली असं विचारलं, तर ग्विडो व्हान रॉसम हे नाव बरेच जण सांगतील. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत असताना १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी या कामाला हात घातला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. त्यानंतर मात्र शेकडो लोकांनी, त्यातल्या बहुतेकांनी विनामोबदला, तिच्यात ओळी घातल्या आणि काढल्या. या घालण्या-काढण्याची नोंद जिथे होते ते दप्तर गेल्या पंचवीसेक वर्षांत तीनदा हललं. प्रत्येक वेळी वाद यंत्राचा झाला, पण खरा प्रश्न एकच होता: अधिकार नसलेल्या माणसाचं काम आत कसं यायचं?

गावात जमिनीचा व्यवहार झाला की तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत तो चढतो. तारीख, कोणाकडून कोणाकडे, कशामुळे. व्हर्जन कंट्रोल म्हणजे सॉफ्टवेअरची फेरफार नोंदवही. फक्त इथे कुठल्याही जुन्या तारखेला जाऊन त्या दिवशीचा कोड जसाच्या तसा उभा करता येतो.

सुरुवातीच्या काळात ही नोंद सीव्हीएस नावाच्या प्रणालीत होत असे. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा हिशोब सुटा ठेवतं. एका दुरुस्तीने दहा फाइली बदलल्या तर नोंदी दहा, आणि त्या एकाच कामाच्या आहेत हे ज्याचं त्याने ओळखायचं. फाइलचं नाव बदललं की तिचा पूर्वेतिहास तुटला. मार्टिन फॉन ल्योविस यांनी सबव्हर्जन या दुसऱ्या प्रणालीवर जाण्याचा प्रस्ताव मांडला आणि २००५ च्या ऑक्टोबरात दप्तर सोर्सफोर्ज या बाहेरच्या सेवेच्या सर्व्हरवरून पायथनच्या स्वतःच्या सर्व्हरवर आलं. याचा फारसा बोभाटा झाला नाही, कारण कामाची रीत जुनीच राहिली.

ती रीत अशी. कमिटचा अधिकार, म्हणजे नोंदवहीत थेट लिहिण्याची मुभा, मोजक्या कोअर डेव्हलपर मंडळींना. बाकीच्यांनी कोड उतरवून घ्यायचा, घरी बदल करायचा, जुन्या-नव्यातला फरक एका फाइलीत काढायचा, ती पॅच-फाइल बगच्या नोंदीला जोडायची आणि वाट पाहायची. तपासणाऱ्याला सवड मिळेपर्यंत मूळ कोड पुढे गेलेला असे. पॅच त्यावर बसत नसे. मग पुन्हा काढा, पुन्हा जोडा. सबव्हर्जनमध्ये सगळा इतिहास सर्व्हरवर असतो, त्यामुळे अधिकार नसलेल्याला आपल्या अर्धवट कामाचे टप्पे स्वतःच्या मशीनवरही नोंदवून ठेवता येत नसत. पॅच स्वीकारला गेलाच, तरी नोंद चढे ती अधिकारवाल्याच्या नावाने. खऱ्या कर्त्याच्या वाट्याला कमिटच्या संदेशात एखादी ओळ आणि आभारयादीत नाव. ही यादी आजही पायथनच्या कोडसोबत असते. नावं आडनावांच्या ‘ढोबळ’ वर्णक्रमाने लावली आहेत, असं ती स्वतःच सांगते. जगभरची आडनावं एका रांगेत बसवायची म्हटल्यावर याहून प्रामाणिक दावा करता येणार नाही.

२००९ पर्यंत वितरित पद्धतीच्या प्रणाली रुळल्या होत्या. त्यांत प्रत्येकाच्या मशीनवर अख्ख्या इतिहासाची प्रत असते आणि कोणालाही आपल्यापुरत्या नोंदी करता येतात. कोअर डेव्हलपर ब्रेट कॅनन आणि इतर चौघांनी बझार, गिट आणि मर्क्युरिअल या तिघांची परीक्षा घेतली. पद्धत फार शहाणपणाची होती. गुणांची यादी करण्याऐवजी त्यांनी रोजची कामं घेतली, पॅच तपासणं, एक दुरुस्ती अनेक आवृत्त्यांत नेणं, आणि प्रत्येक प्रणालीत त्यासाठी कोणत्या आज्ञा द्याव्या लागतात ते शेजारी शेजारी मांडलं. गिट आधी गळलं: विंडोजवर त्याचा तेव्हा नीट जम बसलेला नव्हता आणि मंडळींचा कलही त्याच्याकडे नव्हता. उरलेल्या दोघांत मर्क्युरिअल जास्त चपळ. ३० मार्च २००९ रोजी ग्विडोंनी त्याच्या बाजूने कौल दिला.

प्रत्यक्ष स्थलांतर झालं ५ मार्च २०११ ला. मधली दोन वर्षं कशात गेली हे पाहिलं तर अशा कामाची खरी जात कळते. विंडोज ओळीचा शेवट दोन अदृश्य चिन्हांनी करतं, युनिक्स एका चिन्हाने. सबव्हर्जन हे सांभाळून घेई. मर्क्युरिअलला त्यासाठी वेगळी जोडणी तयार व्हावी लागली. सबव्हर्जनमध्ये नोंदणाऱ्याचं फक्त खात्याचं टोपणनाव असे. ते कोणाचं, हे शोधून प्रत्येकापुढे खरं नाव लावायचं होतं. आणि सबव्हर्जनचे साधे चढते क्रमांक जाऊन आकडे-अक्षरांची लांबलचक चिन्हमाला आली, तरी जुन्या चर्चांमध्ये दिलेले क्रमांक शोधता यायला हवे होते.

एवढं करून बाहेरच्या माणसाची रांग होती तिथेच राहिली. आता त्याला घरी नोंदी करता येऊ लागल्या, पण आत पाठवायचा पॅच बगच्या नोंदीलाच जोडावा लागे. आतल्यांनाही नवा जाच सुरू झाला. मर्क्युरिअलच्या काळात दुरुस्ती आधी सर्वांत जुन्या चालू आवृत्तीत करायची आणि तिथून एकेक पायरी वर मर्ज करत, म्हणजे मिसळत, मुख्य शाखेपर्यंत न्यायची असा नियम होता. हे सगळं करून पाठवायला जावं, तर तेवढ्यात दुसऱ्या कोणी आपलं काम पाठवलेलं असे. मग त्याचं उतरवून घ्या, पुन्हा मर्ज करा, पुन्हा पाठवा.

सगळ्यात छळवादी होती ती ‘न्यूज’ नावाची एक साधी मजकुराची फाइल. पायथनमध्ये काय बदललं हे वापरणाऱ्यांना कळावं म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिच्यात दोन-तीन ओळी लिहायच्या. नवी नोंद यायची ठरलेल्या मथळ्याखाली सर्वांत वर. म्हणजे दहा जणांनी कोडच्या दहा वेगळ्या कोपऱ्यांत काम केलं, तरी या फाइलीत सगळ्यांचा हात एकाच जागी पडे आणि कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, ठरलेला. यावरचा लॅरी हेस्टिंग्ज यांचा तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो. फाइलीत लिहूच नका, म्हणाले ते. प्रत्येकाने आपली नोंद स्वतंत्र छोट्या फाइलीत ठेवायची. नावात तारीख-वेळ, बगचा क्रमांक आणि काही यादृच्छिक अक्षरं, म्हणजे दोन फाइलींची टक्कर होण्याचा प्रश्नच नाही. नवी आवृत्ती काढताना ‘ब्लर्ब’ हे त्यांचं साधन सगळे कपटे एकत्र करतं. वर्षानुवर्षांची डोकेदुखी थांबली ती कागद ठेवण्याची जागा बदलल्याने.

ब्लर्बची गरज पडली तिसऱ्या स्थलांतरामुळे. १ जानेवारी २०१६ रोजी कॅनन यांनी गिटहबवर, म्हणजे गिटमधला कोड सांभाळणाऱ्या संकेतस्थळावर, जाण्याचा निर्णय जाहीर केला. बॅरी वॉर्सॉ यांनी गिटलॅबचा प्रस्ताव मांडला होता, कारण गिटलॅबचा कोड खुला आहे आणि गिटहबचा नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं दप्तर बंदिस्त सॉफ्टवेअरच्या घरी का ठेवायचं, हा आक्षेप रास्त होता. पण नव्याने येणारा माणूस आधीच गिटहबवर होता, आणि या खेपेला विचार त्याचा व्हायचा होता. आधी प्रकल्पाची लहान दप्तरं हलवून रंगीत तालीम झाली आणि १० फेब्रुवारी २०१७ ला मुख्य कोड गेला.

रीत बदलली ती इथे. पॅचच्या जागी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घेण्याची विनंती, आली, आणि ती स्वीकारली गेली की नोंद लिहिणाऱ्याच्या नावाने चढू लागली. दुरुस्ती आता आधी मुख्य शाखेत जाते आणि तिथून जुन्या आवृत्त्यांत उतरते. उतरवण्याचं काम एक बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, करतो. त्याचं नाव मिस इस्लिंग्टन. मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींच्या १९७५ च्या चित्रपटातल्या चेटकिणीचं हे नाव, आणि भाषेचं नावही त्याच मंडळींवरून आलेलं. मारियाटा विजाया यांनी हा बॉट घडवला. बेडेव्हिअर नावाचा दुसरा बॉट बगचा क्रमांक लावलाय का ते पाहतो, आणि सुचवलेले बदल केले नाहीत तर मऊ उशांनी टोचण्याची धमकी देतो. कारकुनी कामात एवढी थट्टा चालवून घेणारी संस्था मला तरी आवडते.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतलं तेव्हा आक्षेपवाल्यांना ‘बघा, सांगत होतो’ म्हणायची सोय झाली. कोडच्या इतिहासाला त्यात धोका नाही, गिटमध्ये त्याची पूर्ण प्रत हजारो मशीनवर असते. तपासणीतली चर्चा मात्र तिथेच राहते, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये बगची सगळी नोंदणीही तिथेच गेली. ही किंमत पायथनने समजून-उमजून मोजली आहे.

दार उघडल्यावर गर्दी झाली. पडून असलेल्या पुल रिक्वेस्टचा आकडा हजाराच्या वर गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. पाठवणं सोपं झालं, पण वाचून मत देणारी माणसं तेवढीच. २०२१ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने वूकाश लांगा यांना पूर्णवेळ पगारावर नेमलं, ते बऱ्याच अंशी हीच रांग हलवण्यासाठी. तेव्हा तुम्हाला पायथन चांगलं येत असेल आणि या प्रकल्पाला हातभार लावायचा असेल, तर स्वतःची नवी पुल रिक्वेस्ट टाकण्याआधी दुसऱ्या कोणाची पडून राहिलेली एखादी उघडा, चालवून पाहा आणि काय आढळलं ते तिथे लिहा. त्याला कमिटचा अधिकार लागत नाही.