कांदा-लसणाविना खमंग चव : काशीच्या दुर्गाघाटाजवळील मराठी स्वयंपाक आणि सुक्या मसाल्यांचे शास्त्र

वाराणसी : पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हा काशीचा गंगाकाठ मराठी वस्तीसाठी ओळखला जातो. पेशवाईच्या काळात मराठी आश्रयाने येथे घाट बांधले गेले, वाडे उभे राहिले. नाना फडणवीसांचा वाडा याच परिसरात आहे. पुढे भोवतालची भाषा हिंदी आणि भोजपुरी राहिली, तरी मराठी घराची ओळख आमटीच्या वासावरून पटावी, असा हा वारसा आहे. त्या वासाचे मूळ गोड्या मसाल्यात आहे.

क्षेत्राच्या ठिकाणी नैवेद्याचा स्वयंपाक वारंवार होतो आणि त्यात कांदा-लसूण वर्ज्य असतो. चातुर्मासातही अनेक घरांत हा नियम पाळला जातो. मग वरणाला किंवा भाजीला खमंगपणा आणण्याचा सारा भार सुक्या जिनसांवर येतो. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल भाजून, कुटून गोडा मसाला तयार होतो. यातील दगडफूल हे फूल नव्हे. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे ते शैवाल व बुरशी यांचे सहजीवन आहे. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात परतल्यावर मात्र त्याचा मातकट, धुरकट सुगंध खुलतो.

असे का होते? मसाल्यातील बहुतेक सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. म्हणूनच हिंग, मोहरी आणि तमालपत्र यांची जागा फोडणीत असते. कच्च्या हिंगाचा उग्र दर्प गरम तेलात सौम्य होतो आणि कांदा-लसणाची आठवण करून देणारी चव मागे उरते. गोडा मसाला मात्र आधीच भाजलेला असतो. तो थेट कडकडीत तेलात घातल्यास करपून कडवट होतो. उकळत्या आमटीत घालणेच योग्य. एक वाटी तूरडाळीच्या आमटीला साधारण दीड चमचा मसाला, लिंपाएवढी चिंच आणि तेवढाच गूळ पुरतो. कसुरी मेथीसारखा सुका पाला तळहातावर चुरडून शेवटी घालावा. वाळल्याने पाल्याची चव एकवटते, त्यामुळे ताज्या पाल्याच्या एक तृतीयांश प्रमाण पुरेसे असते.

या मसाल्यांमागे मोठा व्यापारही आहे. हिंग हा ‘फेरुला’ वर्गातील वनस्पतींच्या मुळांतून निघणारा चीक. त्यासाठी भारत प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथील आयातीवर अवलंबून राहिला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या ‘हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थे’ने हिंगाची रोपे लावून देशी लागवडीचा प्रयत्न सुरू केला.

मसाला मराठी असला, तरी त्याला साथ काशीच्या मातीची मिळू शकते. रामनगरचे मोठे गोल वांगे, ज्याला स्थानिक लोक ‘भंटा’ म्हणतात, आणि शेजारच्या चंदौलीचा सुवासिक ‘आदमचिनी’ तांदूळ यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला मानाने पानात येते आणि हिवाळा हाच रामनगरच्या वांग्याचाही हंगाम. आंबेमोहोर हाताशी नसेल तेव्हा आदमचिनीचा वांगी घातलेला मसालेभात शोभून दिसतो. दोन वाट्या तांदळाला दोन चमचे गोडा मसाला घालावा आणि वरून ओले खोबरे, कोथिंबीर व साजूक तूप वाढावे.

राहतो प्रश्न टिकवण्याचा. दळलेल्या मसाल्याचा अधिक पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतो, म्हणून त्याचा सुगंध अख्ख्या जिनसांपेक्षा लवकर उडतो. पावसाळ्यातील दमट हवेने त्यात गुठळ्या आणि बुरशी होते. कोरड्या बरणीत, प्रकाशापासून दूर ठेवलेला आणि कोरड्या चमच्यानेच काढलेला मसाला अधिक टिकतो. जिनसा बाजारात मिळतात. त्या किती भाजायच्या हे मात्र वडीलधाऱ्यांच्या नाकाला ठाऊक असते. ते अनुभवाचे माप कागदावर उतरवून ठेवले, तरच गंगाकाठची ही चव पुढच्या पिढीच्या पानात उतरेल.