पाऊस एकीकडे, वस्ती दुसरीकडे

पाणी तेथे वस्ती, हा सर्वमान्य नियम जुन्नर-आंबेगावच्या मुलखात प्रथमदर्शनी खोटा ठरतो. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाळी शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि वस्ती तेथेच सर्वांत विरळ. उलट नारायणगाव, आळे, मंचर या बाजूस आभाळ हात आखडता घेते, पण गावे मोठी आणि बाजार भरलेले. पश्चिमेच्या तीव्र उतारावर पाणी टिकत नाही, मातीचा थर पातळ. म्हणून महादेव कोळी आणि ठाकर यांनी भाताची खाचरे, नाचणी-वरईचे माळ आणि हिरड्याची झाडे यांच्या आधाराने लहान लहान वाड्याच काय त्या वसविल्या. मोठी गावे पोसणारी काळी माती पूर्वेकडील नदीकाठांस लाभली.

या दोन प्रदेशांच्या सांध्यावर, कुकडीच्या काठी, जुन्नरचा प्राचीन कसबा उभा आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून नाणेघाट चढून येणारा माल येथे उतरे. घाटातील राणी नागनिकेचा शिलालेख त्या सातवाहनकालीन वैभवाची साक्ष देतो. परंतु मला अधिक बोलका वाटतो तो येथील लेण्यांतला एक साधा दानलेख: धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची त्यात नोंद आहे. धान्य, पाणी आणि वाट, या तिहींच्या मेळाने शहर वसते, हे त्या व्यापाऱ्यांस पुरते ठाऊक असले पाहिजे. पुढे लोहमार्ग बोरघाटाने आणि थळघाटाने गेला, नाणेघाट ओस पडला, आणि व्यापार पुणे-नाशिक रस्त्यावरील गावांकडे सरकला.

विसाव्या शतकात कुकडी प्रकल्पाने पावसाचे पाणी अडविले. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या कालव्यांनी थेट नगर-सोलापूरपर्यंतची शेते भिजली. पण घोड नदीवरील डिंभ्याच्या जलाशयात ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास आहे, ते गावच बुडाले. कचेरी घोडेगावी, बाजार मंचरला, आणि सरकारी दप्तरात नाव मात्र त्या बुडालेल्या गावाचे! खोऱ्यातील सपाट जमीन पाण्याखाली गेल्यावर कित्येक कुटुंबे वरच्या उतारांवर सरकली. डोंगराच्या कुशीतील वस्ती किती असुरक्षित असू शकते, हे 30 जुलै 2014 रोजी माळीण येथे दिसले. त्या दिवशी दरड कोसळून दीडशेच्या सुमारास माणसे गाडली गेली. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले.

भाताची कापणी आटोपली की या वाड्यांतील मजूर नारायणगाव-मंचरच्या मळ्यांत कांदा-टोमॅटोच्या कामास उतरतात. त्यांच्या माथ्यावर पडलेले पाणी आधी कालव्याने पूर्वेस जाते आणि त्यामागोमाग ती माणसेही जातात. म्हणूनच जलाशयाकाठच्या शेतांस उपसा सिंचनाने पाणी मिळणे मला सर्वथा न्याय्य वाटते. भातानंतर तेथे दुसरे पीक उभे राहिले, तर पौष-माघात पोराबाळांसह घर उठवून नेण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही.