समुद्राला पुरून उरणारे तांबे

आपल्या घरातला तांब्याचा हंडा चिंचेने घासला की लखलखतो. ओल्या कोपऱ्यात पडून राहिला तर काळवंडतो, हिरवा जंगाल धरतो. पण लोखंडी बादलीसारखा तो सडत नाही. हा तांब्याचा गुण. दोष एवढाच, की तांबे मऊ. हंडा हातातून सुटला की पोचा आलाच.

या तांब्यात निकेल नावाचा पांढरा धातू वितळवून मिसळतात. १९७५ ते १९९१ च्या काळातला बंदा रुपया घरात असेल तर काढून पहा. त्यात शंभरात ७५ भाग तांबे आणि २५ भाग निकेल. तरी लालीचा मागमूस नाही! वर्गात मी मुलांच्या हाती लोहचुंबक देत असे. १९५० चा रुपया निव्वळ निकेलचा, तो चिकटे. हा मिश्र रुपया चिकटत नसे. हल्लीचा पुन्हा चिकटतो, कारण तो पोलादाचा. मुले पार चक्रावून जात.

हीच जोडी जहाजावर कामाला येते. आपल्या दोंडाईच्याहून समुद्र लांब. पण आपली तापी सुरतेपुढे त्यालाच मिळते. त्याच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जहाजाचे यंत्र थंड ठेवायला हेच पाणी नळांतून खेळवावे लागते. लोखंडी नळ ते खाऊन टाकते. नुसत्या तांब्याचा नळ पाण्याच्या वेगाने झिजतो. ९० भाग तांबे, १० भाग निकेल आणि चिमूटभर लोखंड घातले, की नळावर दुधाच्या सायीसारखा पातळ थर धरतो आणि आतला धातू वाचतो. शिंपले-शेवाळही त्यावर सहसा ठाण मांडत नाहीत.

पण बोल्ट, दांडे, झडपा यांना ताकद हवी. तिथे ७७ भाग तांबे, १५ निकेल आणि ८ भाग कथिल घेतात. कथिल म्हणजे कल्हईवाला लावतो तेच. हा धातू भट्टीत काही तास बेताने तापवला, की त्याच्या पोटात अगदी बारीक फेरबदल होतात. चढावर गाडीच्या चाकाखाली आपण दगड लावतो ना, तसे ते धातूचे थर सरकू देत नाहीत. मग तो साध्या पोलादाच्या दुपटीहून जास्त ताण सोसतो. काही ठिकाणी कथिलाऐवजी अल्युमिनियम घालतात.

एवढा खटाटोप कशाला? समुद्रात दर १० मीटर खोलीला, नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलोचा दाब वाढतो. ३०० मीटरवर तीस किलो! १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी खोल पाण्यात बुडाली. १२९ माणसे गेली. समुद्राच्या पाण्याच्या नळाचा सांधा फुटला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर तिथे पाणबुडीतल्या अशा नळांची आणि सांध्यांची लेखी नोंद ठेवू लागले: धातू कोणता, जोडला कोणी, तपासला कोणी.